अंघोळीची वेळ कुणाची?

वृद्धाश्रमाच्या दर्शनी भिंतीवर दिनक्रमाचा फलक असतो. सहाला उठणे, साडेसहाला प्रार्थना, सातला चहा, आठला नाश्ता, साडेबाराला जेवण, मग विश्रांती, साडेतीनला चहा, सायंकाळी भजन नाहीतर टीव्ही, सातला रात्रीचे जेवण, नऊला दिवे बंद. चालत्याफिरत्या माणसासाठी तो ठीकच आहे. पण ज्यांना आपले आपण उठता येत नाही, अंगावर पाणी घेता येत नाही, कमोडपर्यंत जाता येत नाही, त्यांचा दिवस या फलकावर नसतो. तो सुरू होतो पहाटे सव्वाचारला, खोलीतली ट्यूबलाइट लागते तेव्हा. डायपर काढला जातो, कपडे उतरवले जातात, खुर्चीत बसवून न्हाणीघरात नेले जाते आणि डोळा पुरता उघडायच्या आत डोक्यावर पहिला मग रिकामा होतो. पुणे-नाशिककडच्या डिसेंबरातही.

यात सहसा कुणाचा दुष्टपणा नसतो, हिशेब असतो. तीस जणांचा एक वृद्धाश्रम डोळ्यांसमोर आणावा. त्यांतल्या अठरा जणांना अंघोळ घालावी लागते आणि एकेकाला, कपडे चढवून पुन्हा पलंगावर आणेपर्यंत, पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे साडेसात तासांचे काम. रात्रपाळीला दोन मावश्या किंवा मामा. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार तास. सकाळी आठला पाळी बदलते आणि दिवसपाळीच्या हाती सगळे ‘स्वच्छ’ सोपवायचे, हा अलिखित दंडक. आठातून पावणेचार तास वजा केले की सव्वाचार वाजतात. वेळ अशी ठरते. ती ठरवताना अठरापैकी एकालाही विचारलेले नसते. पाळी बदलण्याच्या वेळेपासून उलटे मोजत आले की उत्तर आपोआप मिळते.

दीर्घकाळ काळजी घेणाऱ्या संस्थांबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते शुल्काबद्दल, जेवणाबद्दल, फार तर मुलांच्या कृतघ्नतेबद्दल. अंघोळ, शौच, कूस बदलणे, भरवणे, दात घासणे ही कामे कोणत्या वेळी व्हावीत हा प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटत नाही. ती झाली की नाही, एवढेच पाहिले जाते. पण म्हाताऱ्या शरीराच्या बाबतीत वेळ हा उपचाराचाच भाग असतो. तेच पाणी, तेच हात आणि तीच पंचवीस मिनिटे एका वेळी आराम देतात, तर दुसऱ्या वेळी झटापट घडवून आणतात.

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे उदाहरण यासाठी सर्वांत स्वच्छ. या आजारात लेवोडोपा हे मुख्य औषध. गोळी घेतल्यावर साधारण अर्धा ते एक तासात तिचा परिणाम जाणवू लागतो आणि आजार जुना झाला की काही तासांत तो ओसरतो. परिणाम असतो तोवर माणूस हात वर करू शकतो, बाहीत घालू शकतो, धरून उभा राहू शकतो. ओसरला की तोच माणूस लाकडासारखा ताठ. आता सव्वाचारची अंघोळ पाहा. शेवटची गोळी आदल्या रात्री झालेली, पहिली मिळणार सकाळच्या औषधफेरीत. म्हणजे चोवीस तासांतल्या सर्वांत ताठरलेल्या घडीला त्याचे कपडे उतरवायचे, ओढून उभे करायचे आणि ओल्या फरशीवरून न्यायचे. दोघे लागतात, खांदा दुखतो, पाय घसरतो. पहिल्या गोळीनंतर तासाभराने हेच काम एका माणसाने झाले असते आणि निम्मे त्याने स्वतः केले असते. ब्रिटनमधल्या पार्किन्सन रुग्णांच्या संघटनेने औषध अचूक वेळेवर मिळावे यासाठी कित्येक वर्षे मोहीम चालवली आहे, ती उगाच नाही. गोळीच्या वेळेशी बाकी दिनक्रम जोडला नाही तर वेळेवर दिलेल्या गोळीचा अर्धा उपयोग वाया जातो. संधिवाताच्या रुग्णांचेही तेच. सकाळचा ताठरपणा तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो आणि नेमक्या त्याच वेळात त्यांचे सांधे वाकवले जातात.

लघवीच्या गोळीचा हिशेब असाच. हृदयाच्या किंवा सुजेच्या रुग्णांना फ्युरोसेमाइड दिले जाते. ते तासाभरात काम सुरू करते आणि पुढचे काही तास जोर धरते. सकाळी आठला गोळी दिलेल्या आजींना नऊ ते बारा या वेळात तीन-चारदा जावे लागणार, हे सांगायला डॉक्टर नको. पण डायपर पाहण्याची फेरी सगळ्यांसाठी एकच, दर चार तासांनी. मग आजी एकट्या उठू पाहतात. वृद्धांच्या पडण्याच्या घटना पुष्कळदा न्हाणीघराच्या वाटेवर घडतात, त्यामागे हे असते. मांडीचे हाड मोडले की घसरणीची पुढची पायरी सुरू होते आणि नोंद मात्र ‘तोल जाऊन पडल्या’ एवढीच.

जेवणानंतरच्या वेळेकडेही असेच दुर्लक्ष. न्याहारी पोटात गेली की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. तान्ह्या बाळात दिसणारी ही प्रतिक्रिया म्हातारपणीही शाबूत असते. नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी कमोडवर निवांत बसवले तर कित्येकांचा बद्धकोष्ठाचा त्रास एनिम्याविना आटोक्यात येतो. उलट भरपेट जेवणानंतर पुढच्या तास-दोन तासांत वृद्धांचा रक्तदाब उतरण्याची शक्यता असते. त्या वेळात गरम पाण्याची अंघोळ घातली तर भोवळ ठरलेली. आजीच्या पिढीला जेवणानंतर अंघोळ नको हे माहीत होते. संस्थेचा तक्ता करणाऱ्याला ते आठवत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपाशी हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. भारतात साठीपुढच्यांत सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने दिला. अशा माणसाला पहाटे अनोळखी हात कपडे काढतात तेव्हा त्याला अंघोळ कळत नाही, हल्ला कळतो. तो ओरडतो, बोचकारतो, नळ धरून ठेवतो. मग वहीत शेरा येतो: ‘पेशंट मारतो.’ शेरा डॉक्टरांपुढे जातो, झोपेची किंवा मनोविकाराची गोळी सुरू होते. याच प्रकारातल्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला होता. म्हणजे अंघोळीची वेळ आणि रीत चुकली, तिचे औषध रुग्णाला दिले गेले.

रीत बदलली तर काय होते, हे नीट मोजून झाले आहे. अमेरिकेतल्या १५ शुश्रूषागृहांमधल्या, अंघोळीच्या वेळी आक्रमक होणाऱ्या ६९ स्मृतिभ्रंश रुग्णांवरचा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना शॉवरची अंघोळच, पण त्या माणसाच्या कलाने: अंग झाकून, पाणी त्याला सोसेल तसे, त्याच्या आवडीच्या गोष्टी बोलत, गरज वाटली तर मध्येच थांबून. काहींना पलंगावरच कोमट, ओल्या मोठ्या टॉवेलात गुंडाळून अंग चोळून देणे. आक्रमक वागणे पहिल्या गटात ५३ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटात ६० टक्क्यांनी घटले. जुन्याच पद्धतीने अंघोळ घातलेल्यांमध्ये तशी घट झाली नाही. याला जादा वेळ किती लागला? कलाने घातलेल्या शॉवरला सरासरी तीन मिनिटांहून थोडा अधिक. टॉवेलच्या पद्धतीत लक्षणीय फरकच नाही. ‘आमच्याकडे एवढा वेळ कुठे’ या नेहमीच्या उत्तराला तीन मिनिटे हे प्रत्युत्तर पुरेसे व्हावे.

मराठी घरातून आलेल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे, तो परदेशी शोधनिबंधांत सापडणार नाही. आयुष्यभर पारोशाने चहासुद्धा न घेतलेल्या बाई या संस्थांमध्ये आहेत. अंघोळ, मग देवापुढे दिवा, मग चहा. त्यांना ‘कलाने’ अकरा वाजता अंघोळ घालायची ठरवली तर चार तास त्या चहाच्या कपाकडे तोंड फिरवून बसतील आणि ‘जेवणखाण घेत नाहीत’ अशी नोंद होईल. त्यांच्यासाठी पहाटच बरोबर. याउलट गिरणीत रात्रपाळी केलेला, एसटीच्या मुक्कामी गाड्या चालवलेला, हॉटेलच्या भटारखान्यात उभे आयुष्य घालवलेला माणूस. त्याची अंघोळ कामावरून आल्यावर, दुपारी किंवा रात्री. मासे विकून दुपारी घरी परतणाऱ्या कोळणीचेही तसेच. सरसकट पहाट हा जसा अन्याय, तसाच सरसकट ‘आरामात उठू द्या’ हाही. स्मृती गेली तरी शरीराला लागलेली सवय फार उशिरा जाते. स्मृतिभ्रंशात दिनक्रमाचा नियमितपणा तर औषधासारखा उपयोगी पडतो. फक्त तो नियम ज्याचा त्याचा हवा.

मग प्रश्न राहतो माणसांचा. वरच्याच वृद्धाश्रमाकडे परत जाऊ. दिवसपाळीला तिघे आहेत. अठरांपैकी सहा जणांना चहाआधी अंघोळ हवी असेल, तर रात्रपाळीच्या दोघांना सव्वा तास पुरतो: सव्वासहाला सुरुवात, साडेसातला शेवट. सात जणांची अंघोळ दिवसपाळीने दहा ते अकरा या तासात उरकायची, तोवर गोळ्या लागू पडलेल्या, ऊन आलेले. उरलेल्या पाच जणांची दुपारी तीनच्या सुमारास, पाऊण तासात. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची घालमेल दिवस कलता कलता वाढते, त्याआधी. बेरीज तीच, साडेसात तास. एकही माणूस जास्त लागला नाही. उलट रात्रीच्या शेवटी दोन दमलेल्या बायकांच्या पाठीवर पडणारा सगळा भार पाच जणांत वाटला गेला. गच्चीवर सौरबंब असेल तर त्याचे पाणी दुपारी सर्वांत गरम असते, हा वरचा फायदा. सध्या ते रात्रभर निवते आणि पहाटे वापरले जाते.

कागदावर हे जितके सोपे दिसते तितके प्रत्यक्षात नाही, हेही मान्य करावे लागेल. दिवसपाळीच्या मावश्यांकडे कपडे वाळत घालणे, भाजी निवडणे, रुग्णाला दवाखान्यात नेणे अशी कामे ठरलेली असतात. न्हाणीघर एकच असते. डॉक्टरांची फेरी दहालाच असते. आणि सर्वांत मोठा अडसर म्हणजे भेटायला येणारे नातेवाईक. सकाळी साडेनऊला आलेल्या मुलाला आई पावडर लावलेली, केस विंचरलेली दिसायला हवी. ‘अजून अंघोळ नाही?’ हा त्याचा पहिला प्रश्न आणि तो व्यवस्थापकाच्या मनावर शोधनिबंधापेक्षा जास्त काम करतो. दाखवण्यायोग्य स्वच्छता हे पैशाच्या बदल्यात मिळालेल्या सेवेचे पावतीपत्रक होऊन बसले आहे. दाखल झाल्या झाल्या बायकांचे लांब केस कापून टाकणे, लुगडे-साडी काढून सगळ्यांना एकसारखा गाऊन चढवणे, ही त्याच सोयीची पुढची टोके. उवा होतात, वेळ लागतो, ही कारणे खरी असतात. विचारले मात्र जात नाही.

रोज साबण लावून डोक्यावरून अंघोळ प्रत्येकाला हवीच का, हाही प्रश्न नातेवाइकांनी ऐकून घेण्यासारखा आहे. सत्तरी-ऐंशीतली त्वचा पातळ आणि कोरडी होते. रोजच्या साबणाने ती आणखी सुकते, खाज सुटते, खाजवून जखमा होतात. हात, पाय, तोंड, काखा, जांघा रोज स्वच्छ करून पूर्ण अंघोळ एक दिवसाआड घातली आणि अंगाला तेल किंवा मलम लावले, तर त्यात कुणाची हेळसांड नाही. ज्यांना मनापासून रोज हवी त्यांना रोज. वाचलेला वेळ कुठे लावायचा, याची उत्तरे भरपूर आहेत.

त्यांतले पहिले उत्तर म्हणजे लघवीला नेणे. संस्थेत आल्यावर महिना-दोन महिन्यांत डायपर लागलेली माणसे पुष्कळ असतात. त्यांतली सगळीच असंयमी नसतात. हाक मारल्यावर कुणी आले नाही, दोनदा अंथरुण ओले झाले, तिसऱ्यांदा डायपर बांधला आणि ‘त्यातच करा’ असे सांगितले, एवढाच काहींचा वैद्यकीय इतिहास असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून अभ्यासलेली एक साधी पद्धत आहे. दिवसा दर दोन तासांनी जाऊन विचारायचे: कोरडे आहात का, जायचे आहे का? हो म्हटले तर न्यायचे, कोरडे राहिले तर तसे बोलून दाखवायचे. तीन दिवस करून पाहिले की याचा उपयोग कुणाला होतो ते स्पष्ट होते. साधारण २५ ते ४० टक्के जणांमध्ये तो चांगला होतो. बाकीच्यांसाठी डायपर वेळेवर बदलणे हेच योग्य. म्हणजे सगळ्यांच्या मागे सारखे धावण्याऐवजी, ज्यांना नेल्याने फरक पडतो त्यांच्यावर वेळ खर्च करायचा. अशा परीक्षेचे तीन दिवस किती वृद्धाश्रमांनी किती जणांना दिले असतील?

दुसरे उत्तर रात्रीचे. म्हातारपणी रात्रीच लघवी जास्त तयार होते. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवी रोखून धरणाऱ्या संप्रेरकाची रात्रीची वाढही मंदावलेली असते. त्यामुळे रात्रीची फेरी टाळता येत नाही. पण ती कशी करायची हा प्रश्न उरतोच. दर दोन तासांनी मोठा दिवा लावून, मोठ्याने बोलत, सगळ्यांची पांघरुणे उचलून पाहिले की कोरडा असलेलाही जागा होतो. मग तो दिवसा पेंगतो, जेवत नाही, संध्याकाळी बिथरतो, आणि पुन्हा गोळी. शुश्रूषागृहांतल्या झोपमोडीत आवाज, दिवे आणि रात्रीची ही साफसफाई यांचा मोठा वाटा असतो, हे तिकडच्या निरीक्षणांत दिसून आले आहे. झोप चाळवलेली असेल तेव्हाच डायपर पाहणे, जास्त शोषणारा डायपर रात्रीपुरता वापरणे, छतावरच्या ट्यूबलाइटऐवजी हातातला टॉर्च, यांत खर्चाचे असे काही नाही.

शय्याव्रणांच्या बाबतीत ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हा नियम नर्सिंगच्या पुस्तकांत दगडावरच्या रेघेसारखा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने तो तपासला. अमेरिका आणि कॅनडातली २७ शुश्रूषागृहे, ९४२ वृद्ध, सगळ्यांना चांगल्या घनतेच्या फोमची गादी. कुणाला दोन, कुणाला तीन, तर कुणाला चार तासांनी वळवले. तीन आठवड्यांत एकूण दोन टक्के जणांना व्रण झाले आणि तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. यावरून ‘आता चार तासांनीच वळवू’ असा निष्कर्ष आपल्याकडच्या संस्थांनी काढला तर तो घातक ठरेल. तो प्रयोग चांगल्या गादीवरचा, ठरलेल्या वेळी खरोखर वळवलेल्या आणि त्वचा तपासलेल्या माणसांवरचा होता. कापसाच्या दबलेल्या गादीवर, प्लास्टिकच्या कापडावर, घामाने ओल्या अंगाने पडलेल्या माणसाला तो लागू होत नाही. मात्र त्यातून एक दिसते की चांगल्या गादीवर एकदा पैसा खर्च केला तर रात्रीची झोप आणि मावश्यांची कंबर, दोन्ही काही प्रमाणात वाचतात. फोमच्या गादीपेक्षा संस्थेला दर्शनी भागातले ग्रॅनाइट अगत्याचे वाटते, हा भाग वेगळा.

आणि वळवल्याची नोंद? कूस बदलल्याचा तक्ता पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला असतो. बारा, दोन, चार, सहा. चारही रकान्यांत एकाच शाईची, एकाच वळणाची सही, बहुधा सहा वाजता एकदम केलेली. तिला जाब विचारणारा व्यवस्थापक क्वचितच स्वतःला विचारतो की, दोघींना त्याच रात्री किती जणांना किती वेळा वळवायचे होते, आणि त्यांतली एक सव्वाचारला न्हाणीघरात असताना दुसरी एकटी पंधरा जणांकडे कशी पाहणार होती.

काळजीला मुळात किती मनुष्यतास लागतात, याचा हिशेब इतरत्र झाला आहे. अमेरिकी सरकारच्याच २००१ च्या अहवालात दीर्घकाळ राहणाऱ्या प्रत्येक वृद्धामागे दिवसाला सुमारे ४.१ तास शुश्रूषा मिळाली नाही तर दर्जा घसरतो, असे म्हटले होते. २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय यंत्रणेने ३.४८ तासांची किमान अट घातली. शुश्रूषागृहांच्या मालकांनी ती न्यायालयात नेली, २०२५ मध्ये ती रद्द ठरली आणि तिथल्या संसदेनेही तिची अंमलबजावणी २०३४ पर्यंत लांबणीवर टाकली. म्हणजे श्रीमंत देशातही हे सहज होत नाही. आपल्या हिशेबातल्या वृद्धाश्रमात दिवसा तिघे आणि रात्री दोघे, बारा-बारा तासांच्या पाळ्या. साठ मनुष्यतास, तीस वृद्ध. प्रत्येकी दोन तास, आणि त्यातच झाडलोट, धुणे, स्वयंपाकघराला हात. वेळापत्रक बदलून या दोन तासांतून जास्त मिळवता येते. दोनाचे चार करता येत नाहीत. बारा तास उभ्या असलेल्या, महिन्याला तुटपुंजा पगार घेणाऱ्या, ब्यूरोने आज इथे तर उद्या तिथे पाठवलेल्या बाईने प्रत्येकाची सवय लक्षात ठेवावी ही अपेक्षाही फोल आहे. त्याच वृद्धाकडे तीच मावशी सहा महिने राहिली तर तिला कागद लागत नाही.

संख्येची अट मागे पडली तरी अमेरिकेत एक गोष्ट टिकून आहे. १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्यातून आलेल्या आणि २०१६ मध्ये नव्याने लिहिलेल्या नियमांनुसार, झोपण्या-उठण्याच्या वेळांसह आपला दिनक्रम ठरवणे हा तिथल्या निवासी वृद्धाचा हक्क आहे. रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांत चौदा तासांहून अधिक अंतर सहसा ठेवता येत नाही, एवढा तपशील नियमांत आहे. आपल्या फलकावरचे सात ते आठ हे तेरा तास त्यात बसतात. पण पहिला घास भरवायला मावशी आठला येते, शेवटच्याकडे सव्वानऊला पोहोचते. त्याच्यासाठी ते चौदा तासांहून जास्त होतात, आणि तो मधुमेही असेल तर पहाटेची साखर किती उतरली हे कुणी पाहिलेले नसते.

भारतात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ चा. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी एक तरी वृद्धाश्रम, असे त्यातले कलम १९ राज्य सरकारांना सांगते. महाराष्ट्राने आपले नियम २०१० मध्ये केले. त्यानंतरच्या काळात पुणे, मुंबई, नाशिककडे खासगी काळजीकेंद्रे बंगल्या-बंगल्यांत उभी राहिली. अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. पुन्हा कधी आले, तर खोलीचे क्षेत्रफळ आणि अग्निशमन यंत्र यांच्याबरोबरीने दोन ओळी त्यात घालता येतील: रात्रपाळीला किती वृद्धांमागे एक माणूस, आणि पहाटे कितीच्या आत कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध उठवायचे नाही. तपासणी अधिकाऱ्याने सकाळी अकराऐवजी एकदा पहाटे पाचला जाऊन पाहिले तरी दुसऱ्या ओळीचे उत्तर मिळेल.

तोवर संस्था निवडणाऱ्या कुटुंबांच्या हाती थोडे तरी आहे. खोली वातानुकूलित आहे का, हे विचारून झाल्यावर पहिली अंघोळ किती वाजता सुरू होते, हे विचारावे. रात्री किती जण असतात आणि त्यांतल्या किती बायका, हेही. आयुष्यभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या बाईचा डायपर मध्यरात्री पुरुषाने बदलायचा का, हा प्रश्न तिच्या वतीने दुसरे कुणी विचारणार नाही. आणि साडेनऊला भेटायला गेल्यावर आई पारोशी दिसली, तर ओरडण्याआधी तिला काय हवे होते ते मावशीला विचारावे.

प्रवेशअर्ज चार-पाच पानी असतो. आधार क्रमांक, विम्याचा तपशील, अनामत रक्कम, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, मृत्यू झाल्यास कुणाला कळवायचे, अंत्यसंस्कार कोण करणार, सगळे रकाने असतात. किती वाजता उठायची सवय, अंघोळ चहाआधी की नंतर, पाणी कितपत गरम, डोक्यावरून रोज की आठवड्यातून दोनदा, केस कोण विंचरत असे, शौचाची वेळ कोणती, या ओळी त्यात नसतात. मुलगा-सून अर्ज भरत असतात तेव्हा आई शेजारच्याच खुर्चीत बसलेली असते आणि पुष्कळदा तिला ही उत्तरे त्या दिवशी तरी देता येत असतात.